मुद्रा पर्मिदाची, गळा शिवांगीचा

मी एक मुद्रा बोलतेय. या घरात मला 'मणी' म्हणतात. रत्नाच्या गळ्यात रेशमी दोऱ्यात करंगळीच्या पेराएवढा निळसर दगड दिसतो ना, तीच मी. मणी म्हणोत बापडे, ज्यांना माहीतच नाही त्यांच्यावर काय रागवायचं? पण खरं सांगायचं तर मी राजघराण्यातली आहे, आणि त्याचा तोरा अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

माझा जन्म अडीच हजार वर्षांपूर्वी इराणातल्या सुसा नावाच्या शहरात झाला. एका कारागिराने मला दगडातून कापलं, घासून गोल आणि लांबट केलं, पोटातून आरपार भोक पाडलं. मग कित्येक दिवस डोळ्याला डोळा न लावता माझ्या अंगावर उलटं चित्र कोरलं. खुर्चीवर मुकुट घातलेली राणी, आणि समोर हातात भांडं घेऊन उभी असलेली एक मुलगी. ओल्या मातीवर मला लाटण्यासारखं फिरवलं की ते चित्र सुलट उमटायचं. ते उमटलं की हुकूम पक्का, मग तो फिरवायची कुणाची टाप नव्हती.

माझ्या मालकिणीचं नाव पर्मिदा. जुन्या राजाची ती नात. नवा राजा गादीवर आला तो काही सरळ वाटेने आला नव्हता. गादी मिळाली, पण लोकांच्या तोंडी अजून जुन्याच राजाचं नाव. मग त्याने जुन्या घराण्यातल्या मुली एकेक करून आपल्या अंतःपुरात आणल्या. हिशेब सोपा होता. त्यांतल्या एकीशी जरी दुसऱ्या सरदाराने लग्न केलं असतं, तर त्यांचा मुलगा उद्या गादीवर हक्क सांगत उभा राहिला असता. राजाला बायका नकोच होत्या, गादीभोवती कुंपण हवं होतं. पर्मिदा त्या कुंपणातली एक.

आता तुम्हाला वाटेल, बिचारी पडद्याआड रडत बसली असेल. मुळीच नाही! तिच्या स्वतःच्या जमिनी होत्या, शेकडो मजूर होते. ती स्वतःचा लवाजमा घेऊन या शहरातून त्या शहरात फिरायची. तिच्या शिक्क्यावर मेंढ्या मिळायच्या, धान्य मिळायचं, आणि कोठारावरचे कारकून माझं चित्र दिसलं की ताठ उभे राहायचे. मी दिवसातून दहादा मातीत लोळायचे आणि दिमाखात बाहेर यायचे. साऱ्या राजवाड्यात माझ्याइतकी गर्विष्ठ वस्तू नसेल.

पण एक हुकूम मला आजही छळतो.

पर्मिदाला एक मुलगी होती, पंधरा वर्षांची. दूर पश्चिमेला सार्डिस शहराचा सुभेदार डोईजड झाला होता. त्याला धरून ठेवायचं तर त्याच्या घरात राजाची मुलगी द्यायची, असं ठरलं. सुभेदार पन्नाशीचा आणि रस्ता तीन महिन्यांचा. वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर पीठ, मद्य आणि ताजी घोडी मिळावीत म्हणून मातीचा परवाना लागायचा. राजाने तो मुद्दाम पर्मिदाकडे पाठवला. तिच्याच शिक्क्याने मुलगी गेली की आईची संमती आहे, हे आपोआप दिसणार होतं.

मुलगी दाराशी उभी होती. ती काही बोलली नाही. पर्मिदानेही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग मला फिरवायला तिचा हात धजला नसता. लेखनिक खोकला. पर्मिदाने मला उचललं. माती थंड होती आणि मी उमटले. कुठेही न पुसटता, स्वच्छ उमटले.

मुलगी गेली ती पुन्हा आली नाही. मी नुसता दगड, मला काय करता येणार होतं, असं मी स्वतःला समजावत आले आहे. पण ते मला अजून पुरतं पटलेलं नाही.

पुढे पर्मिदा गेली, राजवाडे जळले, आणि मी कितीतरी शतकं मातीखाली पडून राहिले. कुणाच्या तरी कुदळीला लागले, वर आले, मग किती हातांतून फिरले ते सांगत बसले तर तुमचा दिवस जाईल. शेवटी नागपुरात इतवारीतल्या एका खडेवाल्याच्या डबीत येऊन पडले. रत्नाच्या आईने पोवळ्यांबरोबर मलाही उचललं. का, तर "याला भोक आहे, ओवता येईल." ऐकलंत? राजघराण्याची मुद्रा, आणि माझी लायकी काय, तर मला भोक आहे! लेकीच्या लग्नात तिने मला काळ्या पोतीत ओवलं, आणि मी रत्नाच्या गळ्यात आले.

रत्ना नागपुरात फार्मासिस्ट होती. नवरा रवींद्र कॉम्प्युटरमधला. त्याला अमेरिकेत काम मिळालं आणि तिघं न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला आले. तिसरी शिवांगी, त्यांची मुलगी, तेव्हा तीन वर्षांची होती. व्हिसा रवींद्रचा. रत्ना आणि शिवांगी त्याच्या कागदावर, 'डिपेंडंट' म्हणजे अवलंबून. त्या कागदावर राहायची मुभा होती, पण रत्नाला काम करायची नव्हती. नऊ वर्षं ती घरी बसली, मग नियम बदलला तेव्हा कुठे कामाची मुभा मिळाली. औषधांची नावं विसरू नयेत म्हणून भांडी घासताना ती ती पुटपुटायची. मी गळ्यात होते, मी ऐकलं आहे.

ग्रीन कार्डाचा अर्ज केला तेव्हा शिवांगी दुसरीत होती. ती कॉलेजात गेली तरी रांग हलली नाही. आणि इथला नियम असा, की मूल एकवीस वर्षांचं झालं की आईवडिलांच्या कागदावरून त्याचं नाव निघतं. मग स्वतःचा व्हिसा मिळवा, नाहीतर देश सोडा. स्टुडंट व्हिसाचा अर्ज टाकून सहा महिने झाले होते, उत्तर नव्हतं. शिवांगीचा एकविसावा वाढदिवस ऑगस्टच्या बारा तारखेला होता. घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला कुणी खूण केली नव्हती, पण जाता-येता तिघंही तिकडे बघायचे.

याच दिवसांत, जूनमध्ये, मी कोण ते उघडकीला आलं. रत्ना कणीक मळत होती. दोरा जुना झाला होता. मणी ओट्यावर सांडले आणि मी थेट परातीत.

"अगं बाई, पोत वाढली!" रत्ना म्हणाली. तुटली म्हणायचं नसतं ना. घाईघाईने मला काढायला गेली तर मी तिच्या तळव्याखाली कणकेवर फिरले. आणि कणकेत राणी उमटली, मुकुटासकट, आणि समोर भांडं घेतलेली मुलगी.

शिवांगी कॉलेजात प्राचीन इतिहास शिकते. ती धावत आली. "आई, डोन्ट टच इट! धिस इज अ सील!"

तिने फोटो काढून प्राध्यापकांना पाठवले. त्यांचं उत्तर आलं, की फोटोवरून खात्री देता येणार नाही, पण खरी असेल तर इराणी राजघराण्यातल्या बाईची असावी आणि तिची जागा तुमच्या घरात नाही, म्युझियममध्ये तपासून घ्या. शिवांगीने म्युझियमची वेळ मागितली, ती मिळाली सप्टेंबरातली. तोवर तिने मला पोतीत परत जाऊ दिलं नाही, स्वतंत्र रेशमी दोऱ्यात ओवून दिलं. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

मग ती रोज त्या राण्यांबद्दल वाचायची आणि स्वयंपाकघरात येऊन आईला सांगायची. "आई, न्यू किंगने ना, जुन्या राजाच्या सगळ्या मुलींशी लग्न केलं. सो दॅट नोबडी एल्स कुड."

"मग? त्या काय म्हणाल्या?" रत्नाने विचारलं.

"नोबडी रोट दॅट डाऊन."

रत्ना पोळी उलटायची विसरली. धूर झाला.

जुलैत तोडगा निघाला. तो काढला वीणाने. वीणा आणि विक्रम आयसेलिनला राहतात. विक्रम रवींद्रचा पुण्यातल्या कॉलेजपासूनचा मित्र. त्यांचा मुलगा कुश इथेच जन्मलेला, म्हणजे जन्मतः अमेरिकन नागरिक. वीणा मनाने वाईट नाही, हे आधीच सांगते. महाराष्ट्र मंडळात कुणाच्या घरी आजारपण आलं की महिन्याभराच्या डब्यांचा तक्ता हीच करते. तिने इथेही तक्ता केला. पोरं लहानपणापासून एकमेकांना ओळखतात, चांगले मित्र आहेत, लग्न आज ना उद्या करायचंच. मग आत्ताच कोर्टात करून टाकू, नागरिकाच्या बायकोला रांगेत थांबावं लागत नाही, शिवांगीचा प्रश्न सुटेल, सोहळा पुढे निवांत. रवींद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. मित्राने बुडताना हात दिला, असंच त्याला वाटलं, आणि वाटणारच.

कुशला विचारलं. तो म्हणाला, "आय डोन्ट माइंड. शिवी'ज माय फ्रेंड."

शिवांगीला कुणी विचारलं नाही, सांगितलं. ती म्हणाली, "ओके, बाबा."

माझ्या अंगावर काटा आला. दगडाला काटा येत नाही म्हणता? मला आला. हरकत नसणं वेगळं आणि हवं असणं वेगळं, हे मी राजवाड्यात पुरतं शिकले होते. आणि 'ओके' म्हणून गप्प झालेली पोरगी मी दाराशी उभी असलेली पाहिली होती.

लग्न कागदापुरतं नाही हे सरकारला दाखवायला वकिलाने फाईलसाठी दोघांचे एकत्र फोटो मागितले. जुने असतील तर बरं, म्हणाला. जुने होते, पण ते वाढदिवसांचे, वीस पोरांच्या घोळक्यातले. "एवढंच ना?" वीणा म्हणाली, "काढू की!"

जुलैतल्या एका रविवारी दुपारी दोन वाजता वेस्ट विंडसरच्या त्या दिवाणखान्यात दिवाळी झाली. वीणाने आयसेलिनच्या दुकानातून चकल्या आणि लाडू आणले होते. बाहेरचं ऊन दिसू नये म्हणून पडदे ओढले, आकाशकंदील टांगला, पणत्या लावल्या. शिवांगीला पैठणी नेसवली. सोफ्यावर कुशसाठी तीन शर्ट आणि एक लोकरी जाकीट मांडून ठेवलं होतं.

"हा मागच्या दिवाळीचा," वीणा हातातल्या कागदावर बघत म्हणाली, "मग साडी सोडून थँक्सगिव्हिंगचा, मग बर्थडेचा. रत्ना, हिचा गळा मोकळा दिसतोय गं. काहीतरी घाल ना."

रत्नाने मला काढलं आणि शिवांगीच्या गळ्यात बांधलं. वाढदिवसाला तेवीस दिवस राहिले होते.

फोटो रत्ना काढत होती. रवींद्र दिव्याची बटणं सांभाळत होता. विक्रम कोपऱ्यात उभा राहून उगीचच लाडू खात होता.

"शिवांगी, कॅमेऱ्याकडे नको, त्याच्याकडे बघ," वीणा म्हणाली. "हं, आता हस. थोडं लाजल्यासारखं."

शिवांगी हसली. फोटोत छान दिसेल असंच हसली. पण मी तिच्या गळ्याशी होते. तिचा श्वास वर अडकला होता, आणि माझ्याखालची शीर धाडधाड उडत होती. मी नुसती बसून होते. पुन्हा एकदा नुसती बसून होते. कुणीतरी थांबवा हो, असं मला ओरडावंसं वाटत होतं, आणि माझ्या पोटात भोकाशिवाय काही नाही.

रत्नाने फोटो काढला. नीट आला का बघायला दोन बोटांनी मोठा केला. मोठा करता करता शिवांगीच्या डोळ्यांवर थांबली, ते हसत नव्हते. मग फोन टेबलावर पालथा ठेवला.

"काय झालं? हलला का?" वीणाने विचारलं.

"शिवांगी," रत्ना म्हणाली, "तुला काय हवंय?"

"आई, इट्स फाइन."

"फाइन नको. काय हवंय ते सांग."

"रत्ना, हे आत्ता काय काढलंस?" रवींद्रचा आवाज चढला. "तेवीस दिवस राहिलेत. उद्या लॉयरला फाईल द्यायचीय."

"उद्या द्यायचीय म्हणूनच आज विचारतेय. रवी, अठरा वर्षं मी तुझ्या कागदावर राहिले. तू चांगलाच वागलास, तक्रार नाही. पण बँकेत, डॉक्टरकडे, एअरपोर्टवर, जिथे जाऊ तिथे मी डिपेंडंट. रांगेत उभी राहिले की मला आधी तुझं नाव सांगावं लागतं. आता हिला त्या कागदावरून काढायचं आणि कुशच्या कागदावर चढवायचं? आणि तेही न विचारता?"

"आम्ही काय जबरदस्ती करतोय का?" वीणाचा चेहरा पडला. "मी तुमच्यासाठीच धावपळ करतेय ना?"

"आमच्यासाठीच करतेयस, वीणा. चूक माझी आहे. विचारायला मी हवं होतं."

पणत्या तडतडत होत्या. ही शांतता मला ठाऊक होती. मागच्या वेळी अशाच शांततेत लेखनिक खोकला होता आणि सगळं संपलं होतं. मी शिवांगीच्या गळ्याला चिकटून मनात म्हणत होते, बोल गं, बाई, बोल.

"आय गॉट इन," शिवांगी म्हणाली. "टोरोंटोला. ट्रान्सफर, विथ स्कॉलरशिप. स्टडी परमिटचं लेटर पण आलंय. इन मे."

"मे?" रवींद्र म्हणाला. "मग सांगितलं का नाहीस?"

"कोणी विचारलंच नाही, बाबा. अँड... मी गेले तर तुम्ही इथे अडकणार, मी तिथे. तुम्ही माझ्यासाठी हे सगळं केलं, हाऊ कॅन आय से मला जायचंय?" मग ती रडायला लागली. पैठणीच्या पदराने डोळे पुसू लागली तर वीणानेच धावत जाऊन टिश्यू आणून दिला.

रवींद्र खुर्चीत बसला. "परत कधी येशील?"

"आय डोन्ट नो. व्हिजिटर व्हिसा मिळाला तर."

मुलीला इथे ठेवण्यासाठी त्या माणसाने अठरा वर्षं एक नोकरी सोडली नव्हती, आजारी बापाला भेटायला जायचंही टाळलं होतं. मला त्याची दया आली. राजाची कधी आली नव्हती.

"कॅन आय टेक धिस ऑफ?" कुश म्हणाला. दुसऱ्या फोटोचं लोकरी जाकीट त्याने केव्हाच चढवलं होतं आणि घामाने तो डबडबला होता. जाकीट काढून त्याने शिवांगीच्या शेजारी बैठक मारली. "शिवी, यू शुड गो. लाइक, ऑब्व्हियसली."

विक्रमने पडदे उघडले. वीणाने तिचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला. जाताना ती रत्नाशी बोलली नाही. आठवडाभर बोलली नाही, आणि मग शिवांगीसाठी थंडीचे दोन कोट घेऊन स्वतःच आली.

ऑगस्टच्या दहा तारखेला आम्ही नायगाऱ्याला गेलो. तिथे नदीवर पूल आहे, पायी ओलांडता येतो. अलीकडे अमेरिका, पलीकडे कॅनडा. रत्ना आणि रवींद्रकडे कॅनडाचा व्हिसा नव्हता. त्यांचा इथला शिक्काही जुना झालेला, बाहेर पडलं तर परत घेतील की नाही, सांगता येत नाही. तेव्हा त्यांची हद्द पुलाच्या अलीकडच्या फाटकापर्यंत.

रत्नाने मला काढून शिवांगीपुढे धरलं. शिवांगीने मला पुन्हा आईच्या गळ्यात बांधलं. "नो, आई. ही आपली नाहीये. सप्टेंबरला म्युझियममध्ये दाखव, प्रॉमिस?" मग ती दोन बॅगा ओढत फाटकातून गेली. वळून हात केला, पुन्हा वळली, आणि पर्यटकांच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

आम्ही कठड्याशी उभे राहिलो. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. पलीकडे अडवलं असेल का? कागदात काही कमी निघालं असेल का? तास झाला. रत्ना मला मुठीत धरून उभी होती. त्या मुठीत मला उमगलं, की ही मुलगीही परत न येण्याची शक्यता आहे. पर्मिदाच्या मुलीसारखीच. विचारलं म्हणून अंतर काही कमी होत नाही.

फोन वाजला. शिवांगीने परमिटचा फोटो पाठवला होता. रत्नाने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचू लागली. नाव शिवांगीचं. जन्म नागपूरचा. अर्जदार म्हणून तीच, कुणाची मुलगी म्हणून नाही, कुणाची बायको म्हणून नाही. रवींद्र तोंड वळवून धबधब्याकडे बघत होता.

"नावाचं स्पेलिंग बरोबर आहे ना?" त्याने न वळता विचारलं.

"बरोबर आहे," रत्ना म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. मग त्याचाही.

परत येताना रत्ना पुढच्या सीटवर बसली नाही. मागे, शिवांगीच्या जागेवर बसली. घरी पोचेपर्यंत ती तिथेच होती, आणि तिच्या गळ्यात मी.

सप्टेंबरात मला काचेच्या पेटीत ठेवतील, किंवा माझ्या देशात परत धाडतील. कुठेही ठेवा. फक्त मला पुन्हा कुणाच्या संमतीची खूण करू नका, एवढं मागते. आणि तुम्ही मला आत्तापर्यंत ऐकून घेतलंत, तर जाता जाता आणखी एक ऐका. तुमच्या घरात 'ठीक आहे' म्हणून गप्प झालेली एखादी मुलगी असेल, तर आज तिला विचारा. उत्तर ऐकून तुमचा जीव तुटेल. आमच्या रत्नाचा तुटला, रोज तुटतो. तरी विचारा.